मोटेले नाडा

"नवी हे नाव होऊच शकत नाही. ते विशेषण आहे," असं म्हणून हेडमास्तर काकाजींनी लाल पेन्सिलीनं माझं लिखाण खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "खरं नाव आणा, सूनबाई. टोपणनावाला आपल्या वंशवृक्षावर जागा नाही."

"पण काकाजी, रेशनकार्डावरसुद्धा नवीबाईच आहे. मतदारयादीतसुद्धा."

"सरकारचं काय, तुम्ही सांगाल ते लिहितं. आपण खेरडे आहोत."

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. सासर मोर्शीकडचं जामगाव, घराभोवती संत्र्याचे बगीचे. गावात टेलिफोन एकच, तोही सरपंचाच्या घरी कुलपात. येत्या रथसप्तमीला सगळ्या खेरड्यांचं संमेलन भरायचं होतं. त्यासाठी माझे चुलतसासरे, म्हणजे निवृत्त हेडमास्तर काकाजी, मांजरपाटाच्या भल्यामोठ्या कापडावर वंशवृक्ष रंगवून घेत होते. पुरुषांची नावं त्यांनी स्वतः जमवली होती. या खेपेला बायकांचीही नावं घालायची, असं त्यांच्या मुलीनं बजावलं होतं. बायकांकडून ती काढायची कामगिरी मात्र त्यांनी माझ्या गळ्यात मारली, कारण मी पदवीधर होते आणि नवीन असल्यामुळे नाही म्हणू शकत नव्हते.

माझा स्वतःचा गोल आधीच रंगवून झाला होता. प्रदीप, शेजारी ज्योती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं हेच नाव लिहिलं होतं. नवरा प्रदीप म्हटल्यावर त्यासाठी कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं.

पहिले काही दिवस मोठे मजेत गेले. या घरात कुणालाही त्याच्या नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. बारके मामाजी सहा फूट उंच. दगडूकाकांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी त्यांना दगड केलेलं. त्यांचं शाळेतलं नाव निघालं रत्नाकर. ते ऐकून त्यांची बायकोच त्यांच्याकडे बघत राहिली. पलीकडच्या आळीतल्या ताईआजींना तर नाव विचारलं तेव्हा त्या गप्पच झाल्या. दोन दिवसांनी त्यांच्या नातीनं धावत येऊन निरोप दिला, "आजीले आठोलं! मथुरा!" मागोमाग ताईआजी स्वतःच आल्या आणि मी नाव नीट लिहिलंय ना, ते चष्मा लावून बघून गेल्या.

नाव मिळालं नाही ते एकट्या नवी काकूचं.

नवी काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. साठी ओलांडलेली, तोंडात दात मोजके, पण जीभ शाबूत. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात नवी होती. तिच्यामागून जावा आल्या, सुना आल्या, जुन्या झाल्या, भांडून वेगळ्या झाल्या. नवी नवीच राहिली. तिच्या पोटच्या पोरी तिला नवी माय म्हणायच्या. त्यांच्या लग्नपत्रिकांवरही 'सौ. नवीबाई व श्री. अवधूत' असंच छापलं होतं.

श्री. अवधूत म्हणजे मुनीकाका. दिवसभरात दहा शब्द बोलले तर त्यांना घसा बसल्यासारखं वाटत असावं, म्हणून ते मुनी. पण घरात त्यांची ख्याती होती ती त्यांच्या अर्ध्या उखाण्याची. लग्नाची वरात दारात आली, बहिणींनी वाट अडवली, बायकोचं नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. तेव्हा हा गडी म्हणाला, 'इहिरीवर मोट, मोटेले नाडा,' आणि थांबला तो थांबलाच. बहिणी हसून हसून बाजूला झाल्या आणि हा तसाच आत गेला. तेव्हापासून खेरड्यांकडे कुठलीही गोष्ट अर्धवट राहिली की तिला म्हणतात, मोटेले नाडा. माडीचं बांधकाम अडलं, मोटेले नाडा. पोरगं बारावीला बसलंच नाही, मोटेले नाडा. मी सून होऊन आले तेव्हा आठवडाभर मला वाटत होतं की ही काहीतरी शेतीची भानगड आहे.

नवी काकू ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. मी कागद घेऊन तिच्यापाशी बसले.

"काकू, तुमचं खरं नाव काय?"

"काहून? पोलीस आले का?"

"वंशवृक्षात लिहायचंय. टोपणनाव चालत नाही म्हणतात."

तिनं सूप थांबवलं नाही. "नाव हाये न. नाव काहून नसन? बिननावाची का आभाळातून पडली मी?"

"मग सांगा ना."

"मी नाई सांगत. या घरातल्या कोनी सांगतलं, तं लिव्हा. नाई तं मोकळं ठेवा ते गोल."

मला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. मीही हसून म्हटलं, बरं, शोधते. लग्नाआधी मी अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकले होते. राजघराण्यांच्या वंशावळ्या पाठ केल्या होत्या. एका काकूचं नाव शोधायला असा कितीसा वेळ लागणार?

सगळ्या आळीला विचारलं. कुणी म्हणालं लक्ष्मी असेल, कुणी म्हणालं कौसल्या. खात्री विचारली की सगळे म्हणत, "असन बा, चेहऱ्यावरून वाटते तशी." काकूचं माहेर मुलताईकडे. तिथले सगळे गेले होते, उरला होता एक भाचा. तो बाजाराच्या दिवशी वरुडला भेटला. मी मोठ्या आशेनं विचारलं. तो म्हणाला, "आम्ही तिला बाई म्हणत होतो."

"आणि तुमचे वडील?"

"तेही बाईच म्हणत."

म्हणजे एका टोपणनावाखालून दुसरं टोपणनाव निघालं. कांदा सोलावा तसं चाललं होतं आणि डोळ्यांत पाणी मात्र माझ्या.

शेवटी मी हेडमास्तर काकाजींनाच धरलं. मुनीकाका त्यांचे थोरले भाऊ. लग्नात हे सात-आठ वर्षांचे, करवला म्हणून मिरवलेले.

"तुम्ही तर तिथंच होता. ताटातल्या तांदळांवर काय लिहिलं होतं?"

काकाजींनी चष्मा काढला. "तीच तर अडचण झाली ना. तांदूळ पसरले, भटजी अंगठी घेऊन बसले, आणि आईत अन् आत्यात जुंपली. आई म्हणे रुक्मिणी ठेवा. आत्या म्हणे सत्यभामा. कुणी मागं हटेना. शेवटी दिवाळीत ठरवू म्हणाले, तोवर नवी म्हणा."

"आणि दिवाळीत?"

"दिवाळीला आत्या रुसून आलीच नाही."

"आणि ते तांदूळ?"

"त्यांचा भात झाला," काकाजी गंभीरपणे म्हणाले.

"मग माहेरचंच नाव का नाही ठेवलं?"

"ते चालणारच नाही, असं आई तेव्हा ठासून म्हणाली. का, ते आम्हा पोरांना कोण सांगतो? आणि थोरली माय एकदा नाही म्हणाली की विषय संपला." थोरली माय म्हणजे त्यांची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा फोटो दिवाणखान्यात होता आणि त्याच्यासमोर अजूनही कुणी पाय पसरून बसत नसे.

काकाजींनी निकाल दिला. रंगारी संमेलनाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत थांबेल. तोवर नाव आलं तर ठीक, नाहीतर नवीबाई. "विशेषण तर विशेषण. मोकळा गोल बरा दिसत नाही," ते म्हणाले. नियम त्यांनीच केला होता, त्यांनीच मोडला. हेडमास्तरांना ती मुभा असते.

हे मी काकूला सांगायला गेले. वाटलं, ती हसेल आणि म्हणेल, बरं लिही बाई, अमुक अमुक. ती हसली नाही.

"बारा वाजेपर्यंत?"

"हो. सांगून टाका ना काकू. मी कुणाला सांगणार नाही की तुम्हीच सांगितलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरी, माह्यं नाव मले माहीत हाये, हे सांगून काय मिळनार? त्या दिवशी दारात मी मान खाली घालून उभी होती. तेरा वर्षांची. ते बोलाले लागले, अन् थांबले. सगळे हासले. मीबी हासली, सगळे हासत होते म्हनून. पन नाव आठोलं नाई त्यायले, का घ्यावं वाटलं नाई, हे मले आजपर्यंत समजलं नाई."

"तुम्ही कधी विचारलं नाही?"

"काय विचारू? माह्यं नाव माहीत हाये का तुमाले, असं? अन् नाई म्हनाले असते तं?"

कागद पेन घेऊन मी गंमत म्हणून गावभर हिंडत होते, आणि ही बाई अख्खा संसार त्या एका प्रश्नावर बसून होती. मला माझीच लाज वाटली. मग राग आला, आणि तो राग घेऊन मी तडक बगीच्यात गेले.

मुनीकाका पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवत होते.

"काकाजी, काकूचं नाव काय?"

त्यांनी फावडं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मी नवी सून, डोक्यावरचा पदर घसरलेला, धापा टाकत उभी.

"माहीत आहे ना तुम्हाला?"

पाणी आळ्याबाहेर सांडायला लागलं. त्यांनी दोन फावडी माती टाकून ते अडवलं. मग म्हणाले, "संमेलन कुठी हाये?"

"शाळेच्या पटांगणात."

"मायची तसबीर ठेवतीन?"

"ठेवणारच ना. स्टेजवर, मधोमध."

"हं."

मी वाट पाहिली. त्यांनी झाडावरून एक संत्रं तोडलं, सोललं, अर्धं मला दिलं. अर्धं स्वतः खाल्लं. "आंबट हाये," म्हणाले आणि पुन्हा फावडं उचललं. मुनीकाकांच्या हिशेबानं हे भाषणच झालं होतं, पण त्यातून मला काय मिळालं? अर्धं संत्रं. मोटेले नाडा, मी मनात म्हटलं.

रथसप्तमीला पटांगण खेरड्यांनी भरून गेलं. नागपूरचे खेरडे, भोपाळचे खेरडे, एक तर थेट मस्कतहून आलेले खेरडे. स्टेजवर वंशवृक्षाचं कापड ताणून लावलेलं. खुर्चीवर थोरल्या मायची तसबीर, तिला झेंडूचा जाड हार. रंगारी पाटावर डबे मांडून बसला होता आणि दर थोड्या वेळानं घड्याळाकडे बघत होता. अवधूतच्या शेजारचा गोल तेवढा पांढरा होता.

बायकांचं हळदीकुंकू झालं आणि उखाण्यांना रंग चढला. मस्कतवालीनं विमानाचा उखाणा घेतला, ताईआजींनी महादेवाचा. तेवढ्यात बारक्या मामाजींनी माईक ओढून घेतला. ते अशा संधीची वाट बघतच असतात.

"आता आपले मुनीदादा! काय दादा, इहिरीवर मोट, मोटेले नाडा... पुढं काय?"

सगळं पटांगण हसलं. ही थट्टा दर लग्नात, दर बारशाला व्हायची आणि दर वेळी मुनीकाका पानाला चुना लावत बसायचे. मी काकूकडे पाहिलं. तीही हसत होती, सगळे हसत होते म्हणून.

मुनीकाका उठले.

लोकांना वाटलं, रागावून घरी चालले. पण ते स्टेजवर चढले. तसबिरीसमोर उभे राहिले, वाकून नमस्कार केला. मग दोन्ही हातांनी तसबीर उचलली आणि हारासकट उलटी फिरवून ठेवली. थोरल्या मायचं तोंड मागच्या कापडाकडे, आणि आमच्याकडे पुठ्ठा आणि खिळे.



"दादा!" हेडमास्तर काकाजी किंचाळले. "अहो, आई आहे ती!"

"म्हनूनच तं," मुनीकाका म्हणाले. "तिच्यासमोर घेता येत नाई."

त्यांनी माईककडे पाहिलंसुद्धा नाही. दुरून झाडावरच्या गड्याला हाक मारावी तसं बायकांच्या घोळक्याकडे तोंड करून म्हणाले,

"इहिरीवर मोट, मोटेले नाडा,
गिरिजाचं नाव घेतो, आता वाट सोडा."

सगळ्यांच्या माना आपोआप वंशवृक्षाकडे वळल्या. मुनीकाकांच्या वरच्या फांदीवर, त्यांच्या वडिलांच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, गिरिजाबाई.

"अरे, पन ते तं थोरल्या मायचं नाव!" बारके मामाजी म्हणाले.

"हिचंबी तेच," मुनीकाका म्हणाले. आता त्यांचा घसा खरंच बसत चालला होता. "नाव घ्याले तोंड उघडलं, अन् समोर माय. आरतीचं ताट घेऊन. मायचं नाव घेऊन मायलेच कसं म्हनू, वाट सोड? बसलं तोंड."

हेडमास्तर काकाजी मटकन खाली बसले. पन्नासेक वर्षांपूर्वीचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होतं, ती रुक्मिणी, ती सत्यभामा, तो भात. सासूचं आणि सुनेचं नाव एक. घरात हाक कशी मारायची? सुनेला रागवायचं तर सासूचं नाव घेऊन रागवायचं की काय? आणि मुलानं बायकोला बोलवायचं तर आईच्या नावानं? कसं चालणार होतं ते.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. मोठा, खणखणीत.

"मंग माय गेल्यावर काहून नाई घेतलं?"

नवी काकू उभी राहिली होती. पदर खांद्यावर पडलेला, त्याचं तिला भान नव्हतं.

मुनीकाकांनी बराच विचार केला. "तवा कोनी वाट अडवलीच नाई," ते म्हणाले.

"मी उभी होती न दारात!" काकू म्हणाली. "रोज!"

मुनीकाका नुसते मान खाली घालून उभे राहिले, अगदी नवरीसारखे. काकू त्यांच्याकडे बघत होती. मग तिच्या तोंडावर आधी हसू आलं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र सरळ रडले. शेजारी ताईआजी नाक शिंकरत होत्या. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं पटांगण त्यात सामील झालं. बारके मामाजी माईकवर काहीतरी बोलत होते, पण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

हेडमास्तर काकाजींनी धावत जाऊन तसबीर सरळ केली, हार नीट केला, आईची माफी मागितली. मग रंगाऱ्याला म्हणाले, "लिहा. गिरिजा." रंगाऱ्यानं ब्रश बुडवला. काकाजी कुरकुरत मागं उभे. "एकाखाली एक दोन गिरिजा. पुढची पिढी म्हणेल, म्हातारा नक्कल करताना चुकला."

जेवणाची पंगत बसली तेव्हा पोरंसोरं काकूभोवती नाचत होती. "नवी काकू, जिलबी!" "नवी माय, इकडं!" ती हलेना. मीही सवयीनं म्हटलं, "नवी काकू, तुम्ही बसून घ्या ना." तिनं ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मग जीभ चावून मी म्हटलं, "गिरिजाकाकू."

"काय वं?" ती लगेच वळली. तोंडभर हसली. माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि स्टेजकडे बोट केलं. "अन् ते तुह्यं, ज्योती, ते तं आमच्या घरानं ठेवलं. माहेरचं काय?"

मी सांगितलं. सहा महिन्यांत ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. पण मी ते दोनदा का सांगितलं कुणास ठाऊक. तिनं ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं, मान हलवली आणि वाढायला निघून गेली.

थोड्या वेळानं मी आणि प्रदीप पाण्याच्या पिंपापाशी उभे होतो. पंगतीच्या त्या टोकाहून, जिलबीचं ताट डोक्यावर धरून, काकूनं अख्ख्या खेरडे कुळाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कुंदा! वो कुंदा! इकडं ये!"

माणसं इकडंतिकडं बघायला लागली. प्रदीपनंही मान उंचावून गर्दीत पाहिलं. लग्नाच्या पत्रिका यानंच घरोघरी वाटल्या होत्या.

"ही कुंदा कोण आता?" तो म्हणाला.

"मी," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात पाण्याचा जग देऊन निघाले.